बाप होण्याआधीचा धूर

वाचकांचे प्रश्न : श्वसन आणि दमा

या महिन्यात नागपूर शहर, हिंगणा, कोराडी आणि काटोलकडून आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत विचारलेली आहे. मूल पोटात राहण्याच्याही आधी आई-बापाने जो धूर, जी वाफ, जी धूळ श्वासातून आत घेतली, तिचा मुलाच्या छातीशी काही संबंध असतो का? गरोदर बाईने धुरापासून लांब राहावं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. बापाबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही, आणि आमच्या मते ही मोठी उणीव आहे. म्हणून यातली निवडक पत्रं एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : माझं वय 27. हिंगणा एमआयडीसीत एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये आठ वर्षांपासून वेल्डिंग करतो. बिडी-सिगारेट नाही. मागच्या वर्षी लग्न झालं, आता मुलाचा विचार आहे. वेल्डिंगच्या धुराने होणाऱ्या मुलाला दमा होतो असं एका सोबत्याने सांगितलं. खरं आहे का? काम तर सोडता येत नाही. (हिंगणा)

उत्तर : सोबत्याने सांगितलं त्याला आधार आहे, पण 'होतो' असं ठामपणे म्हणता येणार नाही. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, आइसलँड आणि एस्टोनिया या पाच देशांतल्या 24,000 हून अधिक अपत्यांची माहिती घेऊन केलेला एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या सेसिली स्वानेस या त्याच्या प्रमुख संशोधक. गर्भधारणेच्या आधीपासून वेल्डिंग करणाऱ्या पुरुषांच्या मुलांत बिनॲलर्जीच्या दम्याचं प्रमाण सुमारे 1.8 पट आढळलं. बापाच्या सिगारेटचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा फरक उरला. ज्यांनी मूल जन्मल्यानंतर वेल्डिंग सुरू केलं, त्यांच्या मुलांत मात्र तो दिसला नाही. म्हणून संशोधकांची नजर शुक्रजंतूंकडे वळली.

आता 1.8 पट म्हणजे किती, ते समजून घ्या. समजा एरवी 100 मुलांपैकी 6 जणांना असा दमा होतो, तर इथे साधारण 10 जणांना होईल. उरलेल्या 90 मुलांना तो होणार नाही. शिवाय हे निरीक्षणावर आधारलेलं संशोधन आहे. त्यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. तरीही आम्ही तुम्हाला काळजी घ्यायला सांगू, कारण हा धूर तुमच्या स्वतःच्या फुप्फुसालाही घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात घातला आहे.

शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात. ते पक्व होऊन बाहेर पडेपर्यंत आणखी दीड-दोन आठवडे जातात. म्हणजे आज तयार होऊ लागलेला शुक्रजंतू तीन महिन्यांनी कामाला येतो. त्यामुळे मुलाचा प्रयत्न सुरू करण्याआधीचे किमान तीन महिने धूर कमीत कमी ठेवा. आठ वर्षांचा सगळा परिणाम एवढ्याने पुसला जातो असं आम्ही म्हणणार नाही. ज्या मूळ पेशींपासून शुक्रजंतू बनतात त्या जुन्याच असतात. पण जेवढं हातात आहे तेवढं इथून सुरू होतं.

करायचं काय? पहिली गोष्ट डोक्याची जागा. धुराचा लोट सरळ वर जातो आणि वेल्डर जॉबवर, म्हणजे जोडायच्या तुकड्यावर, वाकलेला असतो, म्हणून तो हेल्मेटच्या खालून नाकात शिरतो. जॉब फिरवा, उंच करा, स्वतः बाजूला बसा, पण तोंड लोटात येऊ देऊ नका. दुसरी गोष्ट पंखा. उन्हाळ्यात पारा 45 वर गेला की शॉपमध्ये मोठा पेडेस्टल फॅन पाठीमागून लावतात. पाठीवर आपटलेली हवा पुढे भोवऱ्यासारखी फिरते आणि धूर तोंडासमोरच घुटमळतो. मिग किंवा सीओटू वेल्डिंगमध्ये तर त्याच वाऱ्याने संरक्षक वायू उडून जातो आणि टाका सच्छिद्र होतो. पंखा बाजूला, हलक्या वेगावर, धूर उघड्या दाराकडे जाईल असा ठेवा. धूर ओढणारा एक्झॉस्ट हूड असेल तर त्याचं तोंड आर्कपासून, म्हणजे वेल्डिंगच्या ज्योतीपासून, एक वीतभर अंतरावर हवं. दोन हात लांब ठेवलेला हूड जवळपास काहीच ओढत नाही.

तिसरी गोष्ट पत्रा. जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पत्रा किंवा पाइप असेल तर टाक्याच्या दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर तो थर आधी घासून काढा. नाही तर जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. त्यावर गूळ-दूध घेण्याची पद्धत आहे, पण फुप्फुसात गेलेला धूर त्याने निघत नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम आणि निकेल असतं, ते काम सर्वांत जपून करा. ग्रीस काढायला वापरलेलं क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट जॉबवर ओलं असताना आर्क पाडू नका. आर्कच्या तीव्र किरणांनी त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू बनू शकतो.

शेवटी मास्क. रुमाल किंवा कापडी मास्क वेल्डिंगचे कण अडवत नाही. हेल्मेटखाली बसणारा एफएफपी2 किंवा एन95 दर्जाचा मास्क घ्या. शक्य असेल तर पी100 फिल्टरचा अर्धमुखी रबरी मास्क घ्या, तो धुऊन वर्षभर चालतो, फक्त फिल्टर बदलावे लागतात. मात्र दाढी असेल तर कोणताही मास्क चेहऱ्याला चिकटून बसत नाही. कामाचे कपडे शॉपमध्येच बदला आणि घरच्या धुण्यात मिसळू नका.

प्रश्न : आमचा मुलगा 4 वर्षांचा आहे. सर्दी झाली की छातीत घरघर होते, रात्री खोकला. माझे पती चौदाव्या वर्षापासून सिगारेट ओढायचे, लग्नाआधी सोडली. माझ्या माहेरी किंवा त्यांच्याकडे कोणाला दमा नाही. 'तुझ्या सिगारेटीमुळेच हे' असं घरात बोललं जातं आणि ते फार खचलेत. त्यांची चूक आहे का? (मानेवाडा, नागपूर)

उत्तर : तुमच्या पतींची चूक आहे, असं कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. घरात कोणी तसं म्हणत असेल तर हे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

आधी उपलब्ध माहिती. वर उल्लेखलेल्या अभ्यासात बापाने गर्भधारणेआधी धूम्रपान केलं असेल तर मुलातल्या बिनॲलर्जीच्या, लहानपणी सुरू होणाऱ्या दम्याचं प्रमाण जास्त आढळलं. ज्या बापांनी वयाच्या पंधराव्या वर्षाआधी सुरुवात केली होती, त्यांच्या मुलांत ते सर्वांत जास्त होतं, तीन पटीच्या आसपास. 2023 मध्ये साउथॅम्प्टन आणि बर्गनच्या संशोधकांनी अशा बापांच्या अपत्यांचं रक्त तपासलं, तेव्हा डीएनएवरच्या रासायनिक खुणा 19 ठिकाणी वेगळ्या सापडल्या. जनुक तेच राहतं, पण ते किती जोमाने काम करेल हे या खुणांवर ठरतं. पौगंडाच्या सुमाराला मुलाच्या शरीरात शुक्रजंतूंची पूर्वतयारी चालू असते, या खुणा नव्याने बसत असतात आणि त्याच काळात धूर आत जातो, असा आजचा तर्क आहे.

पण हे सगळं शेकडो-हजारो मुलांच्या सरासरीचं गणित आहे. एका मुलाच्या घरघरीमागे नेमकं काय आहे, हे त्यातून निघत नाही. सर्दीबरोबर घरघर होणारी कितीतरी लहान मुलं आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची ती सहाव्या वर्षाच्या सुमाराला थांबते. त्यांतल्या अनेकांच्या बापांनी कधी सिगारेट हातात धरलेली नसते. आणि चौदा वर्षांच्या पोराला 2017 साली छापून आलेली गोष्ट कशी कळणार होती? त्यांनी सिगारेट सोडली, ही या घरातली मोठी चांगली गोष्ट आहे. मुलाच्या आजूबाजूला आज धूर नाही, हा त्याच्या छातीला मिळालेला रोजचा फायदा आहे, आणि त्याचा पुरावा गर्भधारणेआधीच्या पुराव्यापेक्षा कितीतरी पक्का आहे.

आता मुलाकडे लक्ष द्या. डॉक्टरांनी पंप (इनहेलर) लिहून दिला असेल तर तो स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, आणि तोंडावर बसणाऱ्या मास्कमधूनच द्या. पंप हलवा, मास्क नाका-तोंडावर घट्ट टेकवा, एकदाच दाबा, मुलाला पाच-सहा श्वास शांतपणे घेऊ द्या. दुसरा डोस हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून पुन्हा हलवून द्या. दोनदा लागोपाठ दाबलं की औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं. मूल रडत असताना दिलेलं औषधही छातीपर्यंत फारसं पोचत नाही. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि न पुसता वाळू द्या. कापडाने पुसलं तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषधाचे कण आतच बसतात. स्टेरॉइडचा पंप दिल्यावर तोंड आणि मास्कखालचा चेहरा ओल्या कापडाने पुसा. पंपाची 'सवय लागते' म्हणून तो मध्येच बंद करू नका. तशी सवय लागत नाही.

श्वास घेताना फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, दूध-पाणी पिता येत नसेल, बोलता बोलता दम तुटत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट पाहू नका. नागपुरातलं मेडिकल, मेयो, एम्स किंवा जवळचं कोणतंही तातडीची सेवा देणारं रुग्णालय गाठा.

मच्छरांसाठी कॉइल लावत असाल तर ती आजच बंद करा. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या बरोबरीचे असू शकतात, असं मोजमाप 2003 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. मच्छरदाणी लावा.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. शाळेजवळच्या पानठेल्यावर मित्रांबरोबर सिगारेट ओढताना माझ्या भावाने पाहिला. मी स्वतः ओढतो, त्यामुळे त्याला काय बोलू कळत नाही. (नंदनवन)

उत्तर : या अंकात आलेल्या पत्रांपैकी आम्हाला सर्वांत तातडीचं हेच वाटलं. तुमचा मुलगा त्याच वयात आहे, ज्याच्याबद्दल वर लिहिलं.

तुमच्या सिगारेटचाही विषय इथेच येतो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया राज्यात 1968 पासून चालू असलेल्या अभ्यासातून 2022 मध्ये असं पुढे आलं, की ज्या पुरुषांना पंधरा वर्षांच्या आत घरातल्या मोठ्यांच्या सिगारेटचा धूर सहन करावा लागला होता, त्यांच्या मुलांत सात वर्षांच्या आत होणाऱ्या बिनॲलर्जीच्या दम्याचा धोका 59 टक्क्यांनी जास्त होता. तो पुरुष पुढे स्वतः ओढू लागला असेल तर 72 टक्क्यांनी. म्हणजे तुम्ही बैठकीत ओढलेली सिगारेट तुमच्या नातवंडापर्यंत पोचू शकते. खिडकीत उभं राहून किंवा मुलं शाळेत गेल्यावर ओढल्यानेही धूर घराबाहेर राहत नाही, तो पडद्यांत आणि गादीत मुरतो.

मुलाला मारू नका, मित्रांसमोर अपमान करू नका. तो ठेला बदलेल, सिगारेट नाही. 'मी सोडतोय, तूही माझ्यासोबत सोड' असं म्हणता आलं तर त्यासारखं दुसरं काही नाही. कधी आणि कोणाबरोबर ओढतो, दिवसाला किती, सकाळी उठल्या उठल्या लागते का, हे शांतपणे विचारा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर शरीराला निकोटीन जडलेलं आहे, मग समुपदेशकाची मदत घ्या. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन 1800-11-2356 वर फोन करता येतो, पैसे लागत नाहीत.

ठेल्याबद्दल सांगायचं तर 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार 18 वर्षांखालील मुलाला तंबाखूचे पदार्थ विकणं आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत ते विकणं हा गुन्हा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 प्रमाणे मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत लेखी तक्रार द्या, एकट्याने जाऊन ठेल्यावर भांडू नका.

जाता जाता आणखी एक. बर्गनच्याच संशोधकांना पौगंडात वजन वाढलेल्या मुलांच्या पुढच्या पिढीतही दम्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. सिगारेट सोडायच्या नादात तर्री पोहे आणि कोल्ड्रिंकवर मुलाला मोकळं सोडू नका.

प्रश्न : मी एका खासगी दवाखान्यात साफसफाई करते. फिनाइल, ब्लीचिंग, ॲसिड रोज हाताळते. लग्नाला दोन वर्षं झाली, आता बाळ हवं आहे. गरोदर राहिल्यावर काम बदलून मागितलं तर चालेल का? (इंदोरा)

उत्तर : त्याच्याआधी मागा. सफाईची रसायनं हाताळणाऱ्या आयांबद्दल 2022 च्या सुमाराला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांचं हे काम गर्भधारणेआधी किंवा त्या सुमाराला सुरू झालेलं होतं त्यांच्या मुलांत बालदम्याचं प्रमाण दीडपटीच्या आसपास आढळलं. बाळ झाल्यानंतर काम सुरू केलेल्या आयांच्या मुलांत तसं दिसलं नाही. बाईच्या शरीरातली सगळी बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. दर महिन्याला फुटणारं बीज त्याआधीचे सुमारे तीन महिने वाढून पक्व होत असतं. म्हणून तुमच्यासाठीही तयारीचा काळ किमान तीन महिने धरा. याच काळात फॉलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू करा. ती फुप्फुसासाठी नसून बाळाच्या मज्जारज्जूसाठी आहे, पण उशिरा सुरू केली तर तिचा उपयोग होत नाही.

कामात लगेच बदलण्यासारखं पुष्कळ आहे. संडासात ॲसिड ओतून त्यावर ब्लीचिंग टाकण्याची पद्धत आधी बंद करा. त्यातून क्लोरीन वायू निघतो. डोळे चुरचुरतात आणि छाती आवळते ती त्यानेच. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काचेचं क्लीनरही एकत्र येऊ देऊ नका. एका वेळी एकच रसायन, मध्ये भरपूर पाणी.

5 टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर साध्या फरशीसाठी एक लिटर थंड पाण्यात 20 मिली पुरे. रक्त सांडलेल्या जागेसाठी एक भाग हायपोक्लोराइट आणि चार भाग पाणी. अंदाजाने बाटली ओतली की वास वाढतो, स्वच्छता वाढत नाही. गरम पाण्यात मिसळू नका, रोज ताजं बनवा. फवारण्यापेक्षा कापडाला लावून पुसा. फवाऱ्याचे बारीक थेंब थेट फुप्फुसात जातात. खिडकी उघडून काम सुरू करा, काम झाल्यावर नव्हे.

उपकरणं निर्जंतुक करण्याच्या खोलीत तुमची ड्युटी लागत असेल तर ती आजच बदलून मागा. तिथे वापरल्या जाणाऱ्या ग्लुटाराल्डिहाइडने दमा होतो हे जुनं आणि पक्कं ज्ञान आहे. इथिलीन ऑक्साइड वायूच्या संपर्कात आलेल्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचं प्रमाण जास्त आढळलेलं आहे. मागणी लेखी द्या आणि सोबत तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी जोडा.

प्रश्न : कोराडीजवळ राहतो. वीज केंद्र, राख, ट्रक. मूल होण्याआधी घर बदलावं का? (कोराडी)

उत्तर : केवळ गर्भधारणेआधीच्या परिणामाच्या भीतीने घर बदला, असं आम्ही सांगणार नाही. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाबाबत सर्वांत भक्कम पुरावा गरोदरपणाचा आणि बालपणाचा आहे : कमी वजनाचं बाळ, वेळेआधी बाळंतपण, पुढे फुप्फुसाची वाढ मंदावणं. गर्भधारणेआधीच्या महिन्यांबद्दलचा पुरावा अजून विरळ आहे. पण घर बदलायचंच ठरलं असेल तर ते पोट दिसू लागल्यावर करण्यापेक्षा आधी केलेलं बरं. फुप्फुसाची जडणघडण चौथ्या आठवड्यापासूनच सुरू होते, आणि तेव्हा बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं.

आपल्याकडे हवेतल्या पीएम 2.5 या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासून 5 आहे. त्यामुळे हवेची गुणवत्ता दाखवणाऱ्या ॲपवर 'समाधानकारक' दिसलं तरी निर्धास्त राहू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर जवळच्या केंद्राचे आकडे बघत चला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे थंड हवा जमिनीलगत दबून राहते आणि धूर वर जात नाही, म्हणून सकाळचं फिरणं ऊन वर आल्यावर ठेवा. घरात कोरडा झाडू मारून राख उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ट्रकच्या रस्त्याकडची खिडकी बंद ठेवून दुसऱ्या बाजूची उघडा.

एअर प्युरिफायर घ्यायचा असेल तर सूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचाच घ्या आणि खोलीप्रमाणे निवडा. 10 बाय 12 ची, 10 फूट उंच खोली म्हणजे सुमारे 34 घनमीटर हवा. ती तासातून पाच वेळा गाळली जायला मशीनची क्षमता ताशी 170 घनमीटर हवी. खोक्यावर हा आकडा सीएडीआर म्हणून छापलेला असतो. त्याहून लहान मशीन दिवसभर घरघरत राहील, हवा काही बदलणार नाही. दार उघडं ठेवून ते चालवण्यातही अर्थ नाही.

प्रश्न : संत्र्याच्या बगीच्यात आणि कपाशीवर मीच फवारणी करतो. बायकोला दिवस राहण्याआधी काय पथ्य? (काटोल तालुका)

उत्तर : बापाच्या कीटकनाशकांमुळे मुलाला दमा होतो, असं थेट सांगण्याइतका पुरावा नाही. मात्र शेतीची रसायनं पुरुषबीजापर्यंत पोचतात, हे 1977 मध्येच कॅलिफोर्नियात उघड झालं. डीबीसीपी हे सूत्रकृमीनाशक बनवणाऱ्या कामगारांमध्ये शुक्रजंतू कमी किंवा नाहीसे झालेले आढळले होते. आणि फवारणी किती जिवावर बेतते, हे 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्याने पाहिलं आहे. अनेक शेतकरी आणि मजूर त्यात दगावले.

प्रयत्न सुरू करण्याच्या तीन महिने आधीपासून शक्यतो दुसऱ्याकडून फवारून घ्या, पण त्यालाही पूर्ण साधनं द्या. स्वतः करायचीच असेल तर दोन औषधं आपल्या मनाने एकत्र करू नका. वाऱ्याच्या दिशेने फवारा, समोरून वारा घेऊ नका. कपाशी छातीपेक्षा उंच झाली की फवारा तोंडावर येतो, तेव्हा जास्त जपा. साधा एन95 थेंब अडवतो, औषधाची वाफ नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचं काडतूस असलेला मास्क लागतो. बहुतेक औषध शरीरात जातं ते कातडीतून, पाठीवरच्या गळक्या पंपामुळे शर्ट भिजतो तिथून. आधी पंपाचं वायसर बदला. नायट्राइलचे हातमोजे आणि गमबूट घाला, पॅन्ट बुटाच्या बाहेर सोडा. नोझल अडकलं तर तोंडाने फुंकू नका. घरी आल्यावर मुलाबाळांना जवळ घेण्याआधी साबणाने आंघोळ करा. कपडे बायकोच्या हाती धुवायला देऊ नका, स्वतः वेगळे धुवा.

अंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापत असेल तर ती चूल छपराबाहेर न्या. घरात गॅस आला तरी ही एक चूल राहून जाते.

प्रश्न : सिगारेट नाही, फक्त खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खातो. त्याचा तर धूर नसतो. (गोकुळपेठ)

उत्तर : वरचे सगळे अभ्यास धुराचे आहेत, ते खर्ऱ्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमी आढळते, आणि तोंडाच्या कर्करोगाबद्दल विदर्भात वेगळं सांगायला नको. सोडण्यासाठी निकोटीन गम चालतो. उठल्यावर अर्ध्या तासात खर्रा लागत असेल तर 4 मिलिग्रॅम, नाहीतर 2. चव तिखट लागेपर्यंत हळू चघळा, मग गालात दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चघळा, असं अर्धा तास. खर्ऱ्यासारखा भराभर चघळला तर उचकी आणि मळमळ होते. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटीन तोंडातून शोषलं जात नाही. पत्नीलाही सवय असेल तर तिने गम स्वतःहून न घेता डॉक्टरांना विचारून घ्यावा.

प्रश्न : मुलाचा प्रयत्न करण्याआधी वीर्य तपासून हे कळतं का? शरीर 'डिटॉक्स' करणारे काढे घ्यावेत का? (धंतोली)

उत्तर : नाही कळत. वीर्यतपासणीत संख्या, हालचाल आणि आकार दिसतो, डीएनएवरच्या या खुणा दिसत नाहीत. त्या बघण्याची कोणतीही चाचणी आज उपचारासाठी उपलब्ध नाही, कोणी विकत असेल तर घेऊ नका. काढ्यांनी या खुणा पुसल्या जातात याला आधार नाही. काही भस्मांत शिसं आणि पारा सापडलेला आहे, ते तर नकोच.

प्रश्न : मला लहानपणापासून दमा आहे. बाळासाठी प्रयत्न करताना पंप बंद करायला सासूबाई सांगतात. उन्हाळ्यात कूलर लावला की त्रास वाढतो. (महाल)

उत्तर : पंप बंद करू नका. गरोदरपणात दम्याचा झटका आला तर बाळाला ऑक्सिजन कमी पडतो, आणि तो धोका पंपातल्या औषधापेक्षा कितीतरी मोठा आहे. नेहमीचे स्टेरॉइडचे पंप गरोदरपणात चालतात. प्रयत्न सुरू करण्याआधी एकदा छातीच्या डॉक्टरांकडे स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजणारी तपासणी, करून घ्या आणि औषध कमीत कमी किती लागतं ते ठरवून घ्या. सासूबाईंना त्या भेटीला सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांची काळजीही कमी होईल.

त्रास बहुधा कूलरच्या हवेचा नसून त्याच्या पॅडवर वाढलेल्या बुरशीचा असावा. मागच्या वर्षीचे वुडवूलचे पॅड मार्चमध्ये तसेच ओले करून लावले, की बुरशीचे कण थेट पलंगावर येतात. दर उन्हाळ्यात पॅड नवे घाला, हनीकोंब असतील तर ब्रशने घासून कडक उन्हात वाळवा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, त्याने डेंगूचे डासही होणार नाहीत. झोपून उठल्यावर पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा अर्धा तास चालवा, म्हणजे पॅड कोरडे होतात. कूलरच्या समोरची खिडकी वीतभर उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते आणि भिंतीला ओल धरते. जूनच्या सरी सुरू झाल्या की कूलर बंदच ठेवा. आणि हे सगळं करताना नाकाला एन95 लावा, किंवा ते काम त्या दिवशी दुसऱ्या कोणाला तरी करू द्या.